रिले कटकट करतोय? आधी बेसचा रेझिस्टर बघ

काय भो, केळीच्या मळ्यातल्या पंपाचा रिले (छोट्या करंटवर चालू-बंद होणारा स्विच) कटकट करतो म्हणे, आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याला चालू करणाऱ्या पायाला) तू १० के, म्हणजे १०,००० ओहमचा रेझिस्टर लावलाय, बेसला करंट कमी पडतो, मग करणारच ना. डेटाशीटमधला २०० चा गेन (बेसच्या किती पट करंट ट्रान्झिस्टर सोडतो तो आकडा) २ मिलिअँपला दिलेला असतो, करंट वाढला की तो घसरतो, त्यामुळे स्विचसाठी तो धरायचाच नाही, सरळ १० धरायचा.

आता तुझ्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) ७० ओहम, म्हणजे साधारण ७१ मिलिअँप, त्याचा दहावा भाग ७ मिलिअँप बेसला हवा. आर्डुइनो बोर्डाच्या पिनचे ५ व्होल्ट, त्यातून बेस-एमिटरचे ०.७ गेले, उरले ४.३, भागिले ७ मिलिअँप, आले ६१४ ओहम. बाजारात ५६० मिळतो तो लाव, ६८० नको, करंट थोडा जास्त गेलेला चालतो. ईएसपी बोर्ड असेल तर ३.३ व्होल्टवर हिशोब परत कर, ३७० च्या आसपास येईल, मग ३३० लाव.

बीसी ५४७ ची लिमिट १०० मिलिअँप, आणि मे महिन्यात आपल्या जळगावात बंद डब्यात काय भट्टी होते तुला माहितीच आहे, मी तर जास्त करंट झेपणारा २एन२२२२ ट्रान्झिस्टरच लावतो. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावलायस ना? रिले बंद होताना कॉइल व्होल्टेजचा झटका मारते, तो डायोड अडवतो. माझे दोन ट्रान्झिस्टर त्याच्यावाचूनच गेले.