१२व्या वर्षी घेतलेली मेनिंजायटिसची लस हॉस्टेलला जाताना पुरेल का?

प्रश्न ठाण्यातल्या १७ वर्षांच्या मुलीचा आहे: १२व्या वर्षी एक डोस झालाय, आता अमेरिकेत हॉस्टेलवर राहणार.

नाही पुरणार, बूस्टर द्या. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज. आपल्याकडे मिळणारी चौपदरी लस ती आणणाऱ्या मेनिंगोकोकस या जंतूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या गटांवर चालते. अमेरिकेतल्या किशोरांच्या अभ्यासात तिची परिणामकारकता पहिल्या वर्षात ७९ टक्के होती, ३ ते ८ वर्षांत ती ६१ वर आली. म्हणून तिथे ११-१२व्या वर्षी पहिला आणि १६व्या वर्षी दुसरा डोस देतात. पहिलाच डोस सोळाव्यानंतर झाला असेल, तर निरोगी मुलीला सहसा तो एकच पुरतो.

बी गटावर मात्र या लशीचा उपयोग नाही. त्याची लस वेगळी, तिचे सगळे डोस एकाच ब्रँडचे लागतात आणि संरक्षण वर्ष-दोन वर्षांत उतरू लागतं. कॉलेजच्या फॉर्मवर कोणती लस मागितलीय ते नीट वाचा. न्यूमोकोकसची लस झाली असली तरी ती यात धरू नका, तो जंतूच वेगळा.

टोचताना बाटली बघा. एका ब्रँडमध्ये ए गटाची पावडर आणि बाकी तिघांचं द्रव अशा दोन कुप्या येतात. न मिसळता नुसतं द्रव टोचलं, तर ए गटाचं संरक्षण मिळतच नाही. डोस ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा, या वयात चक्कर येते.

प्लीहा काढलेली असेल (थॅलेसेमियाच्या काही मुलांत काढतात), तर वेळापत्रक वेगळं, डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि लस झालेली असली तरी ताप, मान ताठ, दाबल्यावर न जाणारे जांभळट ठिपके दिसले, तर तडक इमर्जन्सीत न्या.