जुन्या विमानाच्या नादी लागलेल्या पोरीस

पोरी,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण इकडे आंबिया बहाराला पाणी पुरवता पुरवता जीव चालला, लाइन रात्री दोनला येते अन् चारला जाते, मंग दिवसभर डोळे लागतात. तू लिहिलं, "काकाजी, मले महायुद्धातले विमानं दुरुस्त करून उडवायचे हाय, कुठून सुरू करू." सोबत स्पिटफायर या इंग्रजांच्या लढाऊ विमानाचा व्हिडिओ. तीनदा पाहिला मी तो, खोटं कायले बोलू. पण त्यात जे चकाकून राहिलं ना, तो पेंट आहे, अगदी शेवटी मारलेला. खरं काम त्या पत्र्याच्या आतमधे आहे अन् ते कोणी शूट करत नाही.

मी काही फार मोठा माणूस नाही. हवाई दलात इंजिन फिटर होतो, सुरुवातीची थोडी वर्षं डाकोटा या महायुद्धातल्या मालवाहू विमानावर गेली, बाकी नोकरी जेटवर. डाकोटा तुझ्यासाठी व्हिंटेज, म्हणजे जुन्या जमान्यातली शान असंल, आमच्यासाठी ड्युटी होती. तिला दोन इंजिनं, ट्विन वास्प, एकेका इंजिनात चौदा सिलिंडर दोन रांगांत गोल बसवलेले, बाराशे हॉर्सपॉवर. गोल असल्यानं काही सिलिंडर खालच्या बाजूला उलटे लटकून असतात, अन् विमान नुसतं उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत त्या खालच्या सिलिंडरांत येऊन बसते. म्हणून स्टार्ट करायच्या आधी प्रोपेलर हातानं एकेक पातं करून फिरवावा लागते. हवा दबते, तेल दबत नाही. पिस्टन तेलावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो, अन् तो काही त्याच दिवशी तुटत नाही, तो वीस तासांनी वर हवेत तुटतो.

तर एकदा थंडीतली सकाळ, मी नवीन पोट्टा, आम्ही दोघं पातं ओढून राहिलो होतो अन् चौथं की पाचवं पातं अडकलं. मला वाटलं इंजिन थंड आहे, म्हणून मी खांदा लावला. मागून सार्जंटनं अशी पंजाबी शिवी हासडली की मी जागच्या जागी सुन्न. त्यानं खालच्या सिलिंडरचा प्लग काढायला लावला, त्यातून चहाच्या कपाएवढं काळं थंडगार तेल गळलं, माझ्या बाहीतून काखेपर्यंत. मी म्हटलं, सर, प्रोपेलर थोडा उलटा फिरवला असता तर सुटला नसता का? तो म्हणे सुटला असता, पण तेल इनटेकच्या पाइपात गेलं असतं अन् स्टार्ट करताना तेच परत आत ओढल्या गेलं असतं. मंग त्यानं विमानाच्या नोंदीचा फॉर्म पुढे केला, म्हणे लिही. मी लिहिलं, 'प्रोपेलर अडकला, तेल काढलं'. तो म्हणे, अन् जोर कोणी लावला? तेवढे शब्द लिहायला मला जी लाज वाटली ती आजही आठवते. पण ते लिहिलं म्हणून सिलिंडर उतरवला गेला, रॉड तपासला, सरळ निघाला, अख्खा दिवस वाया गेला अन् सगळ्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. नसतं लिहिलं तर विमान दुपारी उडलं असतं अन् रॉड सरळ आहे का वाकडा हे कोणालेच माहीत नसतं.

हे एवढं लांबवून सांगून राहिलो कारण आपल्याकडे जुगाडाचा भारी अभिमान. तुझे बाबा मोटार वाइंडिंग करतात, त्यांचा हात मी पाहिला आहे, हात सोन्याचा आहे. पण विहिरीवरची मोटार बंद पडली तर पाणी थांबते, एवढंच. तू या लाइनमधे आली तर तुझं निम्मं काम हेच राहील, हा पार्ट चालणार नाही म्हणून सांगायचं अन् का ते लिहून ठेवायचं. चांगला दिसणारा, मिळायला कठीण, सत्तर-ऐंशी वर्षांचा पार्ट हातात घेऊन त्याला नाही म्हणणं लय जड जाते बाप्पा.

तुला कोणी ना कोणी लिबरेटरची गोष्ट सांगेलच. महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला बी-२४ लिबरेटर बॉम्बर सोडले, पण कोणाच्या कामी येऊ नये म्हणून जाताना मोडतोड करून गेले. १९४८ मधे एचएएलच्या, म्हणजे बंगलोरच्या विमान कारखान्याच्या लोकांनी त्याच ढिगातून चाळीसेक विमानं उभी केली अन् त्यांचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगलोरला उडवत घेऊन गेले. हवाई दलात ती १९६८ पर्यंत चालली, अन् त्यातलंच एक पुढे अमेरिकेत जाऊन १९८९ मधे परत उडालं. लोक म्हणतात पाहा भारतीय जुगाड. मला नाही पटत. कानपूरहून बंगलोरपर्यंत जाण्यापुरतं काय धड आहे अन् काय नाही हे त्या लोकांनी नीट पाहिलं, अन् खरं ओव्हरहॉल बंगलोरलाच केलं. त्याला हिशोब म्हणतात.

जुगाड पाहायचा असंल तर ग्रीनलँडचं पाहा. 'की बर्ड' नावाचं बी-२९ जातीचं अमेरिकन बॉम्बर १९४७ मधे तिथं गोठलेल्या तळ्यावर उतरलं अन् तिथंच राहिलं. १९९४ मधे एक टीम गेली, त्या बर्फात चार इंजिनं बदलली, त्यांचा मुख्य इंजिनिअर त्यातच आजारी पडला अन् गेला. १९९५ च्या मे महिन्यात विमान आपल्या इंजिनांवर चाललं, उडायला निघालं, अन् मागच्या छोट्या जनरेटर इंजिनासाठी तात्पुरती लावलेली पेट्रोलची टाकी गळली. जळून राख. चार मोठी इंजिनं ठीक होती पाहा, घात त्या तात्पुरत्या टाकीनं केला.

आता धातूचं. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, कसा असतो ठाऊक आहे? चौकोनी नळ्या, एकीत एक घुसवलेल्या. बुडाशी जास्त थर अन् टोकाकडे कमी कमी होत गेलेले. ट्रॉलीचे कमानपाटे आठव, तसाच विचार, जिथं भार जास्त तिथं पाटे जास्त. आता सांग, आतली नळी गंजली हे बाहेरून कसं दिसंल? नाहीच दिसत. ऍल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा लाल नसतो, वरून पांढरी भुकटी अन् आतून पदर सुटत जातात, चहात बुडवलेल्या खारीसारखे. वरचा पत्रा गुळगुळीत असतो अन् नख लावलं की फुगवटा कळतो. म्हणून आज जी स्पिटफायर उडतात त्यातल्या कित्येकांचं बरंचसं धातूकाम नवीन आहे अन् त्यात काही लबाडी नाही. वेळ पण लागतो तेवढा. ग्रीनलँडच्याच बर्फात ८० मीटरहून खोल गाडलेलं पी-३८ जातीचं एक अमेरिकन लढाऊ विमान १९९२ मधे बाहेर काढलं, ते उडालं २००२ मधे. दहा वर्षं! तू तेव्हा जन्मली पण नव्हती.

टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचं वेगळं. बॉडी स्टीलच्या नळ्यांची, पंख लाकडाचे अन् वरून कापड. ते कापड पंखाच्या फासळ्यांना मेणाच्या दोऱ्यानं टाके घालून बसवतात, तुझी आजी गोधडी शिवते तिचा हात यात तुझ्या-माझ्याहून सरस निघेल, मजाक नाही करून राहिलो. मंग त्यावर डोप मारतात, म्हणजे वार्निशसारखा लेप, कापड ढोलकीसारखं ताणल्या जाते, वास डिट्टो नेलपॉलिशचा, अन् पेटलं तर डोळ्यादेखत खाक. पावसाळ्यात डोप मारायचा नाही, दमट हवेत पांढरे डाग येतात. आपला हिवाळा त्याला मस्त.

कामाधंद्याचं थोडक्यात सांगतो कारण त्यात गोड काही नाही. आपल्या देशात जुनी विमानं दुरुस्त करायचा धंदा म्हणावा असा नाही. हवाई दलाची व्हिंटेज फ्लाइट आहे, टायगर मॉथ, हार्वर्ड अन् डाकोटा, पण ती दुरुस्त होऊन आली इंग्लंडमधून. डाकोटा तर २०११ मधे भंगारातून घेतलेली, राजीव चंद्रशेखर यांनी घेतली, त्यांचे वडील डाकोटाचे पायलट, अन् एप्रिल २०१८ मधे ती इंग्लंडहून उडत भारतात आली. नाव परशुराम. टीव्हीवर पाहून माझ्या डोळ्याला पाणी आलं होतं, घरचे हसले. तर तू बारावी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सनं नीट काढ अन् डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान खात्याचं, एएमई लायसन्स कर, विमान देखभाल इंजिनिअरचं. बी१.१ म्हणजे टर्बाइन, नोकरी त्यात आहे, नागपूरला मिहानमधे विमान दुरुस्तीचं हँगर आहेच. बी१.२ म्हणजे पिस्टन, जीव त्यात आहे. दोन्ही कर. कॉलेजला मान्यता आहे का ते डीजीसीएच्या यादीत स्वतः पाहायचं, माहितीपत्रकावरच्या हवाईसुंदरीच्या फोटोवर जायचं नाही.

अन् ते गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीजवळ इंग्रजांनी विमान पुरलं आहे असं तुझ्या गावात सांगतात म्हणे. धावपट्टी महायुद्धातली आहे हे खरं. बाकी, बर्मात पण पुरलेल्या स्पिटफायरची अशीच हवा होती, २०१३ मधे मोठ्या मशिनी लावून खोदलं, एक पण निघालं नाही. तू फावडं घेऊन जाऊ नको, लोकांचं धानाचं शेत आहे ते.

त्यापेक्षा हे कर. ऍल्युमिनियमचा पत्रा घे अन् शंभर सॉलिड रिव्हेट मार. मारल्यावर मागचं डोकं रिव्हेटच्या दांड्याच्या जाडीच्या दीडपट रुंद अन् त्याच्या निम्म्याएवढं जाड यायला पाहिजे, व्हर्नियर लावून मोज. जे बसले नाही ते ड्रिलनं काढ, भोक मोठं न करता, अन् तेच खरं कठीण आहे. शंभरातले किती रिजेक्ट केले तो आकडा मला पाठव. पाच म्हणशील तर माझा विश्वास बसणार नाही.

पेपर झाले की बाबांना घेऊन इकडे ये. गोठ्यात माझं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन वीस वर्षांपासून जाम पडलं आहे. ते तू उघडायचं, मी खाटेवर बसून राहीन. एकेक नट काढला की वहीत लिहायचं, अन् काही तुटलं तर कोणाच्या हातानं तुटलं ते पण. मिरगाच्या आत ये, मंग पेरणीत मला फुरसत नाही. येताना जुन्या सुती साडीच्या चिंध्या आण, सिंथेटिकच्या नको, त्यानं तेल पुसल्या जात नाही.

तुझा
काकाजी