दीड पगार थकला आहे, दोन नव्हेत

परदेशी फुटबॉल क्लबने तीन महिन्यांचा पगार दिलेला नाही, कर्जाचे हप्ते चुकले आहेत, रात्री झोप लागत नाही, त्यामुळे खेळ घसरून संघातील जागा गेली आणि आता दुसरा क्लब बोलावतो आहे, तर उद्याच निघून जावे का, असे तुम्ही 6 एप्रिलच्या पत्रात विचारले आहे. अशी पत्रे दर हंगामात येतात. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2016 मध्ये 54 देशांतील सुमारे 14 हजार खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा 41 टक्के खेळाडूंनी मागील दोन हंगामांत पगार उशिरा मिळाल्याचे सांगितले होते. केलेल्या कामाचा पगार मिळाला पाहिजे हे वेगळे सांगायला नको. उद्या निघू नका, एवढे मात्र आधीच सांगतो; कारण तुमचे सारे प्रकरण एका तारखेवर अवलंबून आहे आणि ती तारीख अजून उलटलेली नाही.

खेळाडूंचा दर्जा व हस्तांतरण यांविषयीच्या फिफाच्या नियमावलीत 2018 पासून अनुच्छेद 14 बिस (म्हणजे 14 ला जोडलेला पुढचा अनुच्छेद) आहे. किमान दोन महिन्यांचे पगार देय तारखेला मिळाले नसतील, खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन पूर्ण थकबाकी भरण्यासाठी किमान 15 दिवसांची मुदत दिली असेल आणि त्या मुदतीतही पैसे आले नसतील, तर करार संपवण्यास न्याय्य कारण आहे असे मानले जाते. आता तुम्ही फोनवर फोटो काढून पाठवलेले कराराचे पान पुन्हा वाचा. त्यात प्रत्येक महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत देय आहे असे स्पष्ट लिहिले आहे. जानेवारीचा पगार 15 फेब्रुवारीला देय होता आणि त्यातील अर्धी रक्कम तुमच्या खात्यात जमा झाली, हे तुम्हीच पाठवलेल्या बँकेच्या उताऱ्यावर दिसते. फेब्रुवारीचा पगार 15 मार्चला देय होता, तो पूर्ण बाकी आहे. मार्चचा पगार 15 एप्रिलपर्यंत देयच होत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला तीन महिने म्हणता, ते कायद्याच्या हिशेबाने आज दीड महिना आहे, आणि दीड पगाराच्या बळावर करार तोडलात तर कराराचा भंग क्लबने नव्हे, तुम्ही केला असे ठरू शकते.

त्याची किंमत मोठी आहे. तुम्ही 26 वर्षांचे आहात आणि तीन हंगामांच्या कराराचा पहिलाच हंगाम चालू आहे, म्हणजे तुम्ही नियमावलीतील संरक्षित कालावधीत, करार तोडल्यास जादा शिक्षा होणाऱ्या सुरुवातीच्या काळात, आहात. या काळात न्याय्य कारणाविना करार तोडणाऱ्या खेळाडूवर अधिकृत सामने खेळण्यास चार महिन्यांची बंदी येऊ शकते, शिवाय नुकसानभरपाई वेगळी. फ्रेंच फुटबॉलपटू लासाना दियारा याचा मॉस्कोच्या क्लबशी असलेला करार 2014 मध्ये वादात संपुष्टात आला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाचा निकाल 4 ऑक्टोबर 2024 रोजी लागला. निकालाने खेळाडूंची बाजू बळकट झाली आणि त्यानंतर फिफाने भरपाईचे नियमही बदलले. परंतु निकाल येईपर्यंत त्याची कारकीर्द संपली होती. दहा वर्षांनी मिळालेल्या न्यायाने गेलेला हंगाम परत येत नाही, आणि न्यायाची ही संथ गती मला आजही अस्वस्थ करते. म्हणूनच न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याआधीची कागदपत्रे बिनचूक हवीत.

तुमची कागदपत्रे तशी नाहीत, आणि येथे मला स्पष्ट बोलावे लागेल. दोन महिने तुम्ही क्लबच्या व्यवस्थापकाला फोन करत राहिलात, त्याने 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हटले की गप्प बसलात, आणि एक ओळसुद्धा लिहून पाठवली नाही. रागाच्या भरात दोन दिवस सराव चुकवलात, तो मात्र क्लबने लेखी नोंदवून ठेवला आहे. उद्यापासून सराव एकदाही चुकवू नका. तुम्हाला संघापासून वेगळे काढून एकट्याने सराव करायला लावत असतील, तर तारखांसह टिपून ठेवा. करार सोडायला भाग पाडण्यासाठी केलेली अशी वागणूक हेही स्वतंत्र कारण ठरू शकते, पण ते सिद्ध करणे अवघड असते आणि त्यावर मी आज भिस्त ठेवणार नाही. खेळ घसरला म्हणून पगार रोखता येतो, हे व्यवस्थापकाचे म्हणणे मात्र मनावर घेऊ नका. ठरलेला मासिक पगार फॉर्मवर अवलंबून नसतो.

'मागील सर्व बाकी मिटली' असे लिहिलेल्या ज्या पत्रावर क्लब तुमची सही मागतो आहे, त्यावर काहीही झाले तरी सही करू नका. अर्धी रक्कम हातात पडेल आणि हप्ता भरता येईल, हा मोह मी समजू शकतो, पण एका हप्त्यासाठी उरलेला हक्क लिहून देऊ नका. त्यापेक्षा बँकेला पगार थकल्याचे कळवून मुदत मागा. तुमच्या एजंटने तुम्हाला उसने पैसे दिले आहेत आणि नव्या क्लबचा निरोपही तोच घेऊन आला आहे, याकडे लक्ष द्या. त्याचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण तुम्ही कधी निघावे याचा सल्ला त्याच्याकडून घेऊ नका. सध्याचा करार चालू असताना आणि त्याचे दोन हंगाम बाकी असताना नव्या क्लबच्या कागदावर सही करणे तर अजिबात नको.

करारात क्लबला पगार देण्यासाठी आणखी 60 दिवसांची सवलत आहे, त्याची चिंता करू नका. क्लब आणि खेळाडूंच्या संघटनांमधील सामूहिक करारातून आलेली नसेल, तर अशी वाढीव मुदत फिफा मान्य करत नाही. सही करताना मिळणाऱ्या रकमेचा राहिलेला हप्ता दोन पगारांच्या हिशेबात धरता येईल का, हे पूर्ण करार पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. वाद फिफाच्या वाद निवारण कक्षापुढे जाईल की त्या देशाच्या लवादापुढे, हेही करारातील लवादाच्या कलमावरून ठरेल, आणि ते पान तुम्ही पाठवलेले नाही. करारातील प्रत्येक पानाची प्रत आजच मिळवा. फिफाकडे खेळाडूला शुल्क पडत नाही, मात्र दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

16 एप्रिलला सकाळी बँकेचा उतारा काढा. मार्चचा पगार जमा नसेल, तर त्याच दिवशी क्लबच्या अधिकृत ई-मेलवर आणि करारातील पत्त्यावर रजिस्टर्ड टपालाने नोटीस पाठवा. तीत प्रत्येक महिना, त्याची देय तारीख, मिळालेली आणि राहिलेली रक्कम, तुमचा खाते क्रमांक, आणि 3 मेपर्यंत संपूर्ण रक्कम न आल्यास करार संपवण्याचा हक्क तुम्ही राखून ठेवत आहात, हे लिहा. 15 दिवस 1 मे रोजी भरतात. दोन दिवस जास्त दिलेले बरे. त्या मुदतीत क्लबने सगळे पैसे भरले, तर अनुच्छेद 14 बिसखाली तुम्हाला करार सोडता येणार नाही, हेही मनात धरा. नोटिशीचा मसुदा 14 तारखेपर्यंत मला दाखवा आणि तोपर्यंत क्लबशी जे बोलायचे ते ई-मेलवरच बोला.