चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, आता अर्थशास्त्र म्हणतो!

प्रश्न : माझं माहेर पुण्याचं. यजमान इराणी; पुण्यात शिकायला आले होते. लग्नानंतर आम्ही इस्फहानला आलो. मुलगा इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता त्याला परदेशात अर्थशास्त्रात पीएचडी करायची आहे. हे म्हणतात, चार वर्षं पाण्यात गेली. एका एजंटाने युरोपातल्या मास्टर्सचं पॅकेज सांगितलंय, पैसे बरेच आहेत. की त्याला पुण्यात एम.ए.ला पाठवू?

उत्तर : ताई, एजंटाला काही देऊन बसला नसाल तर आत्ताच थांबा. पैशाचं पुढे सांगतेच.

चार वर्षं मुळीच वाया गेलेली नाहीत. इराणमध्ये कोन्कूर, म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, देताना गणितात हुशार मूल इंजिनिअरिंगकडेच वळतं (किंवा वळवलं जातं, आपल्याकडे काय वेगळं आहे?). त्यातले काही जण पदवीनंतर अर्थशास्त्राकडे येतात, आणि ही वाट तिथे आता चांगलीच मळलेली आहे. आलीरझा तहबाझ-सालेहींचं बघा. तेहरानच्या शरीफ विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएचडी, तीही इलेक्ट्रिकलमध्येच. मग एका कारखान्याला बसलेला धक्का पुरवठादारांच्या जाळ्यातून अख्ख्या अर्थव्यवस्थेत कसा पसरतो, यावर २०१२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला त्यांचा शोधनिबंध खूप गाजला. आज ते अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग या व्यवस्थापन शाळेत शिकवतात. मरियम फरबूदी याही शरीफच्याच कॉम्प्युटर इंजिनिअर. शिकागोहून पीएचडी केली आणि एमआयटीत प्राध्यापक झाल्या.

या पिढीला अर्थशास्त्राची ओढ का लागते, हेही यजमानांच्या लक्षात आणून द्या. २०१८ मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि आर्थिक निर्बंध परत आले, तेव्हा तुमचा मुलगा शाळेत असेल. बाबांचा पगार तोच आणि मांसाचा, भाड्याचा आकडा मात्र सतत चढता, हे ऐकतच तो मोठा झालाय. त्याला प्रश्न पडणारच.

आता त्याची खरी अडचण. इंजिनिअरला वाटतं, गणित आपल्या हातचा मळ आहे. पण त्याला एखाद्या फलनाची (फंक्शनची) कमाल किंमत काढायला सांगा. तो डेरिव्हेटिव्ह घेईल, शून्याशी जुळवेल, उत्तर देऊन मोकळा होईल. पीएचडीच्या पहिल्या वर्षाचे प्राध्यापक विचारतील : मुळात कमाल किंमत आहे, हे कशावरून? सिद्ध कर. इथे भलेभले अडखळतात. पहिलं वर्ष सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासण्याचं शास्त्र) या तीन विषयांचं, आणि बहुतेक ठिकाणी त्यानंतर एक चाळणी परीक्षा. म्हणून शेवटच्या सत्रात त्याने गणित विभागात जाऊन रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे सिद्धतेवर भर असलेलं गणित, घ्यावं. मार्कलिस्टवर तो एक विषय थर्मोडायनॅमिक्सच्या चार पेपरांपेक्षा जास्त बोलेल.

दुसरी उणीव शिफारसपत्रांची. 'माझ्या वर्गात पहिला होता' असं मेकॅनिकलच्या सरांनी लिहिलं, तर अर्थशास्त्राची निवड समिती त्यातून काय समजणार? अर्थशास्त्रात संशोधन करणाऱ्या माणसाने, याच्याबरोबर काम केलंय, असं लिहायला हवं.

या दोन्ही उणिवा घरच्या घरी भरून निघतात. शरीफमध्येच व्यवस्थापन आणि अर्थशास्त्राची शाखा आहे आणि तिथल्या मास्टर्सला इंजिनिअर मोठ्या संख्येने जातात. दोन वर्षं तेहरानला काढावी, एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनात डेटाचं काम करावं, मग बाहेर अर्ज करावेत. मी याच बाजूची आहे. सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळणारी सवलतही शिक्षण सलग चालू असलं की टिकते. घरी बसून एक वर्ष अर्ज भरत राहिला तर लष्करी सेवेचा प्रश्नच आधी उभा राहील. ही सेवा बाकी असताना बाहेर जायला हमी ठेवावी लागते, सरकारी विद्यापीठातल्या मोफत शिक्षणाची पदवी 'सोडवून' घ्यावी लागते, मग अधिकृत भाषांतर आणि त्यावर न्याय नि परराष्ट्र खात्यांचे शिक्के. याला महिने जातात. नियम बदलत असतात, म्हणून चौकशी थेट कार्यालयातच करा.

अमेरिकेचं स्पष्टच सांगते. तेहरानमधला त्यांचा दूतावास १९७९ पासून बंद. मुलं व्हिसासाठी येरेवान, अंकारा, दुबई गाठत. जून २०२५ च्या घोषणेने तर इराणसह बारा देशांच्या नागरिकांचा प्रवेशच थांबवला, आणि इराणच्या बाबतीत त्यात विद्यार्थीही आले. तो सगळा डोलारा एकाच देशावर उभारू नका. कॅनडा धरा. युरोपात बॉन, मानहाइम, तुलूझ, मिलानचं बोकोनी, माद्रिदचं सेम्फी ही नावं यादीत हवीत.

आणि पैसे. चांगल्या ठिकाणची पीएचडी सहसा विद्यार्थ्याला पैसे भरून करावी लागत नाही. फी माफ होते आणि दरमहा वेतन किंवा शिष्यवृत्ती मिळते. मास्टर्सची गोष्ट वेगळी. इटलीत कुटुंबाच्या उत्पन्नावर प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळते. जर्मनीत व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) दाखवावे लागतात, आणि तोमानमध्ये, म्हणजे इराणी चलनात, कमावणाऱ्या घराला ते किती जड जातं हे तुम्हाला सांगायला नको. त्यातून इराणी बँक कार्ड बाहेर चालत नाही, अर्जाची फीसुद्धा सर्राफामार्फत, म्हणजे चलन बदलून देणाऱ्यामार्फत, भरावी लागते. एजंटाचं पॅकेज नेमकं याच अडचणीवर चालतं. त्याला एकच विचारा : तुम्ही पाठवलेल्यांपैकी किती मुलं पुढे पीएचडीला लागली, कुठे? नावानिशी उत्तर नसेल तर विषय संपला.

पुण्याबद्दल. आजीजवळ राहील, हा तुमचा विचार मला कळतो. गोखले संस्था जुनी आणि नावाजलेली आहे, मुंबईत गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही आहे. पण मुलाचा पासपोर्ट इराणी असेल तर भारतात तो परदेशी विद्यार्थी. प्रवेश आणि फी दोन्ही वेगळं. शिवाय शरीफची वाट तेहरानहून थेट बाहेर जाते. तिथे नंबर लागला नाही तर पुण्याचा विचार जरूर करा.

त्याची मार्कलिस्ट आणि अर्थशास्त्रात त्याने आजवर स्वतःहून काय वाचलंय, त्याचं एक पान मला पाठवा. ते पान त्यानेच लिहावं, तुम्ही नाही.