बाइकचा मागचा टायर रुंद केल्यावर चेन त्याला घासते; ५३० ऐवजी ५२० साइझची (अरुंद) चेन चालेल का?

चालेल, पण पुढचं-मागचं दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) ५२०चीच घ्या. पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) दोन्ही चेनचा १५.८७५ मिमीच, त्यामुळे जुनी स्प्रॉकेट चालतील असं वाटतं. पण ५२०ची आतली रुंदी ६.३५ मिमी, ५३०ची ९.५३, ५३०च्या स्प्रॉकेटचे जाड दात ५२०च्या चेनमध्ये शिरणारच नाहीत.

टायरच्या बाजूला जागा मात्र साधारण दीड मिमीच मिळते, कारण फरक दोन्हीकडे वाटला जातो. तेवढ्याने भागत नसेल तर दोन्ही स्प्रॉकेट सारखीच बाहेर घ्यावी लागतील, नाहीतर चेनची सरळ लाइन चुकेल.

चेन निवडताना टेन्साइल स्ट्रेंथ (तुटण्याआधी किती ताण सहन होतो ते) बघा. चांगली एक्स-रिंग (पिनांपाशी ग्रीस टिकवणारे रबरी सील असलेली) ५२० साध्या ५३०पेक्षा मजबूत असू शकते. आणि कृपया जोडकडी रिव्हेटचीच लावा. क्लिपवाल्या जोडकडीची क्लिप सुटून चेन तुटली तर इंजिनचं केसिंग फुटू शकतं, मागचं चाकही जाम होऊ शकतं.