फिनलंडमधलं हापामॅकी एवढंसं गाव, मग ते जंक्शन कसं? इतिहास काय आणि बघायला जावं का?

प्रश्न वाचला आणि आधी नवऱ्याला दाखवला. म्हटलं, बघ, अजून एक जण फसणार.

टांपेरेला राहायला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. नवरा मनमाडचा. नकाशावर तीन बाजूंनी येणारे रूळ बघून म्हणाला, "जंक्शन आहे गं, खायला मिळेलच. डबा कशाला?" फेब्रुवारीतला रविवार. एका डब्याच्या डिझेल रेलबसमधून उतरलो, तर फलाटावर आम्ही दोघं आणि घोट्याएवढा बर्फ. स्टेशनची लाकडी इमारत ऐसपैस, पण दाराला कुलूप. परतीची गाडी तीन तासांनी. पर्सच्या तळाशी राजगिऱ्याचा एक लाडू निघाला. मोठा तुकडा कोणी खाल्ला ते विचारू नका.

असो, इतिहास. टांपेरे-वासा लोहमार्ग १८८३ मध्ये पुरा झाला तो इथून वळसा घेऊन. १८९७ मध्ये युवास्क्यूलाची लाइन जोडली आणि गाव जंक्शन झालं. १९१८ च्या फिनलंडच्या यादवीत याच रुळांवरून पांढऱ्या सैन्याची, म्हणजे 'लाल' बंडखोरांविरुद्ध लढणाऱ्या सरकारी बाजूची, पूर्व-पश्चिम वाहतूक चालायची. हे जंक्शन हातचं जाऊ नये म्हणून दक्षिणेला विल्पुला गावाजवळची आघाडी त्यांनी नेटाने लढवली. १९३० च्या दशकात पोरीकडची लाइनही आली. हेलसिंकीहून ओउलूला जाणाऱ्या गाड्यासुद्धा तेव्हा इथूनच जात.

मग १९७१ मध्ये पार्कानोवरून सेइनायोकीला सरळ मार्ग झाला, १९७७ मध्ये ओरिवेसीहून युवास्क्यूलाला. दोन्ही वळसे वाचले. पुढे पोरीची लाइनही बंद पडली. लोक याला 'विकासाने गिळलेलं गाव' वगैरे म्हणतात. मला ते रडगाणं पटत नाही. वळसा होता म्हणून गाव मोठं झालं, एवढंच.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. जंक्शनवर खायला मिळतं हा त्याचा नियम बरोबरच होता, आपण फक्त पन्नास वर्षं उशिरा पोचलो! म्हणजे चूक वेळापत्रकाची. आता तुम्हीच सांगा, डबा नको कोण म्हणालं होतं?

आम्ही भर हिवाळ्यात, तेही रविवारी गेलो होतो, हे कबूल. उन्हाळ्यात बरं वाटेल, वाफेच्या इंजिनांचं वेड असेल तर जास्तच. पण परतीची गाडी आधी बघा आणि थालीपीठं न्या. आमटी-भात नको, थर्मासचं झाकण हातमोजे घालून उघडत नाही.