मीटिंगमध्ये कोणी ओळखीचे भेटले तर?

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला आधारगटाच्या मीटिंगला जाण्यास सुचवले की, गटाचा उपयोग होतो का, हे तो क्वचितच विचारतो. त्याची पहिली शंका बहुधा वेगळीच असते: तिथे कोणी ओळखीचे भेटले तर काय करायचे?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगते. ते पन्नाशीच्या आसपासचे होते आणि इतरांचे हिशेब सांभाळत असल्याने लोकांचा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू थांबवली होती, आणि ते योग्यच होते. कारण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि हा धोका मीटिंगला जाऊन टळत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या जवळच्या गटाचा पत्ता, वार आणि वेळ त्यांनी फोनमध्ये नोंदवून ठेवली होती, मात्र दर आठवड्याला न जाण्याचे नवे कारण निघत असे.

'भीती बाळगू नका' असे सांगून भीती जात नाही, म्हणून नेमके कोण भेटेल अशी धास्ती वाटते, हे मी त्यांना नावानिशी सांगायला लावले. नावे पुढे येत गेली तसे त्यांच्याच लक्षात आले की, ज्यांच्यापासून लपवायचे होते त्यांपैकी बहुतेकांना त्यांच्या पिण्याची कल्पना होतीच. ठाऊक नव्हते ते एवढेच की, ते आता सोडण्याचा प्रयत्न करीत आहेत. उरलेल्या एक-दोन नावांची चिंता मात्र खरी होती आणि ती मला खोडून काढायची नव्हती.

१९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या या संघटनेत निनावीपणा हा पायाच मानला जातो. तेथे आडनाव सांगावे लागत नाही आणि प्रवेश फीही नसते. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. समोर बसलेला माणूसही त्याच कारणासाठी आलेला असल्याने गुप्तता राखण्यात त्याचेही हित असते. तरीही समुपदेशकावर गोपनीयतेचे जे व्यावसायिक बंधन असते, तसे ते तेथील सदस्यांवर नसते. तो परस्परांनी पाळायचा संकेत असतो. म्हणून ज्या गोष्टीतून कायदेशीर किंवा नोकरीविषयक गुंता उद्भवू शकतो, ती नव्या गटात बोलू नये, असे मी स्पष्ट सांगते.

नवख्या माणसाला पुष्कळदा ओपन मीटिंग सुचवली जाते, परंतु या गृहस्थांसाठी मला ती सोयीची वाटली नाही. ओपन मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, केवळ कुतूहल असलेले लोकही येऊ शकतात. क्लोज्ड मीटिंगला मात्र ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे तेच बसतात. ओळख उघड होण्याची धास्ती असलेल्याने क्लोज्ड मीटिंग निवडावी, आरंभी घरापासून थोडी दूरची निवडावी, किंवा कॅमेरा बंद ठेवून एखाद्या ऑनलाइन मीटिंगला नुसते ऐकत बसावे.

पत्ता देऊन मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांचा विचार केला होता; उपचारकाने रुग्णाला पद्धतशीरपणे या गटांशी जोडून दिले, तर सलग दारूमुक्त राहण्याचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक आढळले. म्हणून त्यांनी माझ्यासमोरच गटाच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा स्वयंसेवक स्वतः दारूतून बाहेर पडलेला होता. त्याने दारापाशी भेटायचे कबूल केले आणि पहिल्या दिवशी एक शब्दही बोलण्याची सक्ती नाही, असे सांगितले.

पहिली मीटिंग त्यांना आवडली नाही. प्रार्थनेचा सूर खटकला, एक जण फार वेळ बोलला, आणि 'हे आपल्यासारखे नाहीत' असे मत बनवून ते परतले. या मताशी मी वाद घातला नाही, कारण प्रत्येक गट आपला कारभार स्वतंत्रपणे चालवतो आणि दोन गटांच्या वातावरणात पुष्कळ फरक असू शकतो. एका गटावरून सगळ्यांची परीक्षा करणे मात्र मला मान्य नव्हते. या संघटनेत दारूमुक्तीसाठी ज्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांतील ईश्वराचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे लावावा, अशी मुभा आहे. तेही जमत नसेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे धर्मनिरपेक्ष गट आहेत. त्यांना तिसरा गट रुचला. तिथे त्यांच्याच व्यवसायातले एक ज्येष्ठ सदस्य भेटले, म्हणजे ज्याची भीती होती तेच घडले. पुढे या गृहस्थांनी त्या ज्येष्ठांनाच आपले स्पॉन्सर, म्हणजे नव्या सदस्याला वाट दाखवणारे जुने सदस्य, होण्याची विनंती केली.

मधे एकदा त्यांचा पाय घसरला, तेव्हा आता कोणत्या तोंडाने जावे, असे त्यांनी विचारले. सदस्यत्वाची एकमेव अट दारू थांबवण्याची इच्छा ही आहे, आणि ती अट ते त्याही दिवशी पूर्ण करीत होते. ते गेले, मागच्या रांगेत बसले आणि नुसते ऐकून आले. त्यांच्या पत्नी आता अल-ॲनॉन या कुटुंबीयांच्या गटाला जातात. यजमान मीटिंगला येवोत वा न येवोत, त्या गटाला जाता येते, हे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.